वासिष्ठीचा राजा, तान्हाईचा भिकाजी

मंडळी, एक सवाल आहे. माणूस मोठा झाला की त्यानं नाव कुणाचं सांगावं? लगेच बोलू नका — शेजारी सासूबाई बसल्यात!

ऐका तर. गोदावरीच्या काठी एक गाव, आणि गावात एक पाटील — विक्रमसिंहराव! हे नाव त्यांनी स्वतःच ठेवलेलं, बरं का. आईनं ठेवलेलं नाव भिकाजी. चार लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा तान्हाईनं पाच घरी पदर पसरून जोंधळे मागितले, देवाला वाहिले आणि पाचवा लेक मागून आणला. मागून आणला म्हणून भिकाजी. पण मिशा फुटल्या आणि पाटलाला ते नाव टोचायला लागलं.

आता तान्हाई थकली होती. महादेवाच्या देवळाला नवी पायरी बसवायचं ठरलं, तेव्हा म्हातारीनं हातातले चांदीचे गोठ काढून दिले. एवढंच म्हणाली, की पायरीवर माझं नाव घाला, माणसांचे पाय लागतील, तेवढंच पुण्य. फार मागितलं का हो? पाटील म्हणाले, बायकांची नावं दगडावर कोरायची आपल्या घराण्यात रीत नाही. मृदंगवाले, हसू नका, तुमच्या घरात तरी आहे का? म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

पायरीसाठी खणताना एक नाणं निघालं. काळंकुट्ट, जड. त्यावर सोंड उचललेला हत्ती आणि कडेनं मुंगीच्या पायांची अक्षरं. पाटील हरखले! हत्ती आहे म्हणजे नाणं राजाचं, गाव आपलं म्हणजे राजाही आपलाच — खापरपणजोबा! असं गणित चौथीत केलं असतं, तर गुरुजींनी कोंबडा केला असता.

लगेच मांडव घातला. तालुक्याहून जुनी लिपी वाचणारे सोनवणे मास्तर आणले. आणि साऱ्या गावासमोर यल्लप्पा पाथरवटाला बजावलं, "नाण्यावर जसं नाव असेल, तस्संच पायरीवर आमचं कोर. रीत बदलायची नाही." पाटलाचा शब्द, गावाची साक्ष. अडकले की नाही?

मास्तरांनी नाणं धोतराच्या सोग्यानं पुसलं. म्हणाले, हे शिसं आहे, सातवाहनांच्या काळची बाजारातली सुटी मोड. भाजीपाल्याला चालत असेल. पाटलांचा फेटा जरा सैल झाला. मग मास्तर वाचायला लागले. 'रञो' — म्हणजे राजाचं. पाटील ताठ! 'वासिठिपुतस' — पाटील उभेच राहिले! म्हणाले, बघा, वसिष्ठ ऋषी आमचे मूळपुरुष.

"वसिष्ठ नव्हे, वासिष्ठी," मास्तर म्हणाले. "आई ती. राजा आधी आईचा लेक म्हणवतो, मग आपलं नाव सांगतो."

"आणि बापाचं नाव?"

"बापाचं कुठंच नाही."

यल्लप्पानं छिन्नी दगडाला टेकवली आणि अगदी गरीब तोंड करून विचारलं, "मग पाटील, तान्हाईपुत्र विक्रमसिंह, असंच कोरू ना?"

पळायला वाट कुठं? पाटलांनी कशीबशी मान हलवली. तेवढ्यात बायकांतून तान्हाई काठी टेकत पुढं आली. मनगटांवर गोठांचे वळ होते, गोठ नव्हते.

"तान्हाईचा भिकाजी, असं कोर बाबा," ती म्हणाली. "विक्रमसिंहाला मी ओळखत नाही. मी पाच दारी मागितला, तो भिकाजी."

पाटलांची नजर त्या रिकाम्या मनगटांवर गेली. तो आडदांड माणूस भर मांडवात लेकरासारखा रडला. यल्लप्पाच्या हातून छिन्नी घेतली आणि आईच्या नावाचा पहिला घाव त्यानं स्वतः घातला. वाकडा बसला तो. 'ता'चा काना अजून तिरका आहे म्हणतात.

हसलात ना, मंडळी? हसा. अहो, ज्या सुट्या नाण्यावर जुडीभर मेथी येत असेल, त्याच्यावरसुद्धा आईचं नाव घालायची राजाला लाज वाटली नाही. आता घरी जाल तेव्हा चपला काढायच्या आधी दारावरची पाटी वाचा. तिच्यावर नाव कुणाचं आहे ते बघा — आणि रोज सकाळी ती पाटी पुसतं कोण, तेही बघा.