कानामागचा तुरा

—नाही हो पाहुणे, थोडीथोडकी माणसं कसली, अख्खा गाव लोटला होता! सभागृहात खुर्च्या पुरेनात, म्हाताऱ्यांनी घरून स्टुलं आणली — मान हलवू नका, वस्तरा आहे — कारण पन्नास वर्षांपूर्वी तो सिनेमा झाला तो इथंच, आमच्या चौकात, आणि त्यातल्या लग्नात नाचणारे आम्हीच. पण तो नाच कुणी पाहिलाच नव्हता. मागं चर्चचा घुमट दिसतोय म्हणून तेव्हाच्या सरकारी लोकांनी, देवधर्माचं वावडं त्यांना, तेवढा भाग कापून टाकला, आता तो कुठल्याशा तळघरात सापडला, मग धुऊनपुसून, जोडून, काल खास खेळ लावला. मी गेलो मिंचोबरोबर. मिंचो माझा लंगोटीयार, दर शनिवारी दाढीला येतो, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत — येईलच आता. आणि गंमत बघा, हा माणूस यायलाच तयार नव्हता. कधी गुडघा दुखतोय, कधी शेळीकडं कोण बघणार. शेळीकडं! मी म्हटलं, अरे, त्यात दाफिना दिसेल — दाफिना म्हणजे माझी बायको, गेली ती — विशीतली दाफिना दिसेल आणि तू शेळी काय घेऊन बसलास? तेव्हा कुठं उठला. का यायचं नव्हतं त्याला? मला तिथंच शंका यायला हवी होती, पण माझ्या डोक्यात नुसतं भुसकट.

आमच्याकडं कसं, पोरी कानामागं फुलांचा तुरा खोचतात, आणि होरो नाचाचा फेर रंगात आला की पोरगा आपल्या आवडीच्या पोरीचा तुरा हळूच ओढून घेतो. पोरीला नको असला तर हातावर चापट बसते, हवा असला तर ती मान झुकवते — झालं, ठरलं लग्न. आता माझं ऐका. सिनेमाच्या त्या दिवशी नाच संपल्यावर मी टोपी काढली, तर टोपीच्या मागं दाफिनाचा तुरा! मी ओढला नव्हता हो. म्हणजे तिनं आपणहून खोचला! अशी धीट पोरगी पंचक्रोशीत नव्हती. जन्मभर सांगत आलो, मी हिला नाही निवडलं, हिनं मला निवडलं — या खुर्चीत बसलेल्या एकाला सोडलं नाही. दाफिना ऐकायची आणि हसायची. नुसती हसायची. हो म्हणाली नाही कधी... हे आत्ता बोलता बोलता लक्षात येतंय माझ्या.

तर काल. मिंचो भोपळ्याच्या बिया फोडत बसलेला, टक टक, सारखं. पडद्यावर गायदावाल्यानं बाजाची चामड्याची पिशवी फुगवून सूर धरला, आणि याच्या बिया बंद. मग दिसली हो दाफिना, पडदाभर! फेरात तिच्या शेजारी मिंचो. त्यानं हात लांबवला, तुरा घेतला — आणि तिनं चापट नाही मारली. मान झुकवली. काहीतरी बोललीसुद्धा, पण त्या बाजाच्या गोंगाटात काय कळणार! हा तसाच चालतोय, तुरा मुठीत. पुढं मी. मी येडा कॅमेऱ्याकडं बघून दात काढतोय, आणि यानं तो तुरा मागून माझ्या टोपीत खोचला. मी सभागृहात शेजारी वळून बघतो तर मिंचो खुर्चीखाली वाकलेला. म्हटलं, काय शोधतोस रे? "टोपी, नेयको, टोपी पडली." टोपी त्याच्या डोक्यावरच होती!

आता तुम्हीच सांगा, ती काय म्हणाली असेल? नेयकोला दे म्हणाली? की भलतंच काही म्हणाली, आणि यानंच मित्रासाठी मोठेपणा करून — मोठेपणा! मागितला होता कुणी? आमच्या लग्नात कुम म्हणून, म्हणजे नवऱ्याचा पाठराखा साक्षीदार म्हणून, तोच उभा राहिला, आणि कुमाचं नातं सख्ख्या भावाच्या वरचं, मग तिच्याकडं मान वर करून बघायची सोयच उरली नाही. स्वतः लग्न केलं नाही. "मला कोण देणार पोरगी?" म्हणायचा, मी खो खो हसायचो. तिच्या थडग्यावर माझ्याआधी फुलं ठेवलेली असतात — मला वाटायचं, कुम आहे, मायाळू आहे... काय? सोडून द्या म्हणता? तुमचं काय जातंय बोलायला! मी आयुष्य काढलं ते कुणाच्या बायकोबरोबर, हे मला कळायला नको? आणि विचारावं तर — तिचं नाव माझ्यासमोर घेणारा आता हा एकटाच राहिलाय. हाही तुटला तर मी बोलू कुणाशी, या आरशाशी?

थांबा. आला बघा. उठा पाहुणे — अहो, अर्धी झाली तर झाली, दुसरा गाल उद्या, हा घ्या टॉवेल, पुसा फेस, पैसे नकोत, निघा! — ये मिंचो. ये, बस. शेळी बरी आहे ना? टेक मान मागं. तुला जरा एक विचारायचं होतं...

अरे, डोळे का मिटलेस? मी अजून विचारलंच कुठंय?