आंबेतळी तिठ्यावरच्या बॅनरबाबत

जबाब. दि. १७/०२/२०२५, सोमवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नाव चिमा धोंडू गमरे. वय ७२, आधार कार्डाप्रमाणे. खरं काय ते माझ्या आईला ठाऊक होतं. धंदा घरकाम, पावसात भातशेती, चैत्रात काजू. शिक्षण दुसरी. राहणार बौद्धवाडी, मौजे आंबेतळी, तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी.

मला कोणी पाठवलेलं नाही, कोणी शिकवलेलं नाही. नात दीक्षा सोबत आली आहे, ती बाहेर बाकावर बसली आहे. साहेब विचारतील त्याचं उत्तर, आणि न विचारलेलंही एक, मी समोर बसून सांगते ते असं की,

घरात मी, मुलगा महेंद्र वय ४७, सून सुनंदा व नात दीक्षा वय २० असे चौघं राहत होतो. महेंद्र लोटे येथे एका केमिकल कंपनीत सतरा वर्षं कामाला होता. जाणं-येणं कंपनीच्या बसने. पहिली पाळी सात ते तीन. परत येताना बस आंबेतळी तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, वळते व पुढे मोरीपाशी थांबते. तिठ्यावर थांबा नाही. कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो, म्हणून तो मोबाइल घरीच ठेवून जात असे. हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे.

दीक्षा पाच वर्षं बॉक्सिंग खेळते. सुरुवातीला मी विरोध केला होता. पोरीच्या जातीनं नाक फोडून घेऊ नये, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "आजी, मी दुसऱ्याचं फोडते." त्यानंतर मी विरोध केला नाही.

शनिवार दि. १५ रोजी चिपळूण येथे बॉक्सिंग नाइट होती. दीक्षाची लढत संध्याकाळी साडेसहाला, चिपळूणच्याच सानवी नावाच्या मुलीशी. महेंद्रने तिची एकही लढत पाहिलेली नव्हती. कायम पाळी आडवी यायची. या वेळी त्याने एकाशी पाळी बदलून घेतली होती. चारला घरी यायचं, अंघोळ करायची आणि पाचच्या एसटीने मला घेऊन चिपळूणला जायचं, असं ठरलं होतं.

तिठ्यावर सुलेमान यांचं चहाचं हॉटेल आहे. आत भजी, मिसळीचे भाव लिहायचा फळा आहे. महिनाभर त्या फळ्यावर भाव नव्हते, अंदाज होते. माणसाचं नाव, पुढे कोण जिंकणार व कितव्या फेरीत. पैसे लावू देणार नाही असं सुलेमान यांनी बजावल्यामुळे, ज्याचा अंदाज चुकेल त्याने अर्धी मिशी काढायची असं ठरलं होतं. ज्यांना मिशी फुटलेली नाही त्यांनीही नावं दिली होती.

बाजारला जाता-येता मी तिथे टेकते, तेव्हा ऐकत असे. "सानवीचा डावा लांब जातो." "दीक्षाची हनुवटी उघडी पडते." "पहिल्या फेरीला वाघीण, दुसरीला मांजर." हे बोलणारे कोण, तर घाटीवरून गॅसची टाकी आणताना तीनदा बसणारे. एकदा मी विचारलं, "यातल्या कोणी मार खाल्लाय काय रे कधी? बायकोचा धरू नका." सगळे हसले. फळ्यावर एकोणीस नावं होती, त्यात बारा आमच्याच वाडीतली. दीक्षा जिंकेल असं चौघांनी लिहिलं होतं, त्यातले एक सुलेमान. हे त्यांनीच मला वाचून सांगितलं.

राकेश सखाराम गमरे, वय २४, हा आमच्या भावकीतला. सखाराम हे माझ्या मालकांचे चुलत भाऊ, नात्याने माझे दीर. राकेश नात्याने पुतण्या, पण दीक्षाचं ऐकून मला आजीच म्हणतो. राकेश चिपळूणला बॅनर छापायच्या दुकानात कामाला आहे. तोही पूर्वी दीक्षाबरोबर बॉक्सिंग शिकायला जायचा. मागच्या दिवाळीत आमच्या खळ्यात सराव करताना दीक्षाने त्याचं नाक फोडलं. मी त्याच्या डोक्यावर गार पाणी मारलं आणि म्हटलं, "रडतोस काय? पोरगी चार वर्षांनी लहान आहे तुझ्यापेक्षा." चार माणसं जमली होती, ती हसली. त्यानंतर तो शिकायला गेला नाही. फळ्यावर पहिलं नाव त्याचं होतं. सानवी, दुसरी फेरी.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास राकेश आमच्या घरी आला. दीक्षा व सुनंदा घरी नव्हत्या.

"आजी, दीक्षाचा वाईच चांगला फोटो दे. तिठ्यावर बॅनर लावायचाय."

"तू? तू तर त्या सानवीवाला ना?"

"फळा वेगळा, वाडी वेगळी, आजी."

मला ते पटलं. भिंतीवरच्या चौकटीतून फोटो काढून दिला. जिल्ह्याचं पदक मिळालं तेव्हाचा, हसलेला. दुसरा कुठला फोटो तिला आवडत नाही. मी घरात कोणाला बोलले नाही. बघून खूश होतील, असं वाटलं.

शनिवारी महेंद्र नेहमीच्या बसने कामाला गेला. दीक्षा व सुनंदा सकाळी नऊच्या एसटीने चिपळूणला गेल्या, कारण वजन करायचं असतं. लढत शूट करायला महेंद्रचा मोबाइल घेऊन गेल्या. साडेदहाच्या सुमारास मी तिठ्यावर गेले होते. राकेश व त्याचा एक मित्र बॅनर बांधत होते. तो बॅनर मी पाहिला. त्या वेळचं बोलणं मी शेवटी सांगणार आहे, आधी दुपारचं लिहा. सुलेमान यांचं हॉटेल तेव्हा बंद होतं, ते टेम्पो घेऊन खेडला माल आणायला गेले होते.

दुपारचं मला सुलेमान यांनी सांगितलं ते असं. साडेतीनच्या सुमारास ते परत आले. बॅनरवर दीक्षाचा फोटो, भोवती फुलं, खाली दोन मेणबत्त्या. वर मोठ्या अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली. मग तिचं पूर्ण नाव. त्याखाली बारीक अक्षरांत, दुसरी फेरी, चिपळूण, शोकाकुल आंबेतळी तिठा बॉक्सिंग फॅन्स. समोरच्या कट्ट्यावर राकेश व आणखी सहा-सात जण त्याचे फोटो मोबाइलवरून इकडे तिकडे पाठवत बसले होते. सकाळपासून येणारा-जाणारा जो वाचत होता तो हसत होता किंवा मान हलवून पुढे जात होता. उतरवला कोणी नाही.

सुलेमान म्हणाले, "हे आधी काढा. आई-बाप आहेत तिला."

"गंमत आहे चाचा. अंदाजच आहे आमचा. संध्याकाळी आम्हीच काढणार."

"अंदाज फळ्यावर लिहितात. फुलं घालून नाही लिहीत."

कोणी उठलं नाही. दोरी नायलॉनची होती, म्हणून सुलेमान कोयती आणायला आत गेले.

तेवढ्यात पावणेचारला बस वळणावर आली. महेंद्र खिडकीपाशी होता. त्याच्या शेजारी बसणारा कामगार रविवारी अंत्यविधीला आला होता, त्याने सांगितलं की महेंद्रला डुलकी लागली होती. वळणावर डोळे उघडले, बाहेर बघितलं आणि उठला. ओरडला नाही. बस थांबवा म्हणाला नाही. दरवाजा उघडला आणि उतरला. बस हळू होती, पण चालू होती. ड्रायव्हरचा यात दोष नाही, असं माझं म्हणणं आहे. रस्त्याकडेला जांभ्या दगडाचे चिरे रचून ठेवलेले आहेत, त्यावर महेंद्रचं डोकं आपटलं.

सुलेमान कोयती हातात घेऊनच धावले. महेंद्र शुद्धीवर होता. त्याने विचारलं, "कधी?" एवढंच विचारलं. सुलेमान यांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "जिवंत आहे रे ती, खेळायला गेली आहे." हे त्याला ऐकू गेलं का, ते सुलेमान सांगू शकत नाहीत. मी त्यांना तीनदा विचारलं. त्यांनी माल रस्त्यावर उतरवून टेम्पोतून त्याला चिपळूणला रुग्णालयात नेलं. तिथे डॉक्टरांनी तपासून मयत असल्याचं सांगितलं.

मी घरीच होते. अंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं. चार झाले तरी आला नाही म्हणून चुलीत आणखी दोन लाकडं सारली. सव्वाचारला शेजारची राजश्री सांगत आली. मी आधी चूल विझवली, मग निघाले.

दीक्षा व सुनंदा माझ्या आधी रुग्णालयात पोचल्या होत्या. दीक्षाच्या हातांना खेळायच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. त्या तिने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सोडल्या नाहीत. लढत झाली नाही. सानवीला न खेळता जिंकलेली ठरवलं असं समजतं. लढतच होणार नाही, असं एकोणीस जणांपैकी एकानेही लिहिलं नव्हतं. अर्धी मिशी काढलेला माणूस मला अंत्यविधीला दिसला नाही. सानवी मात्र आली होती. तासभर पायरीवर बसली आणि गेली. राकेश आला नाही.

काल रविवारी संध्याकाळी सखाराम भावजी व वाडीतले तिघं घरी आले. बसायला सांगितलं नाही तरी बसले.

"वयनी, झालं ते वाईटच. पण पोर घरातलं आहे. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे त्याचा. महेंद्र उतरताना पाय घसरून पडला, एवढंच सांग."

"पाय घसरला नाही भावजी. पाय उचलून टाकलाय त्यानं."

"ठाण्यात गेलीस तर वाडीचं नाव जाईल. महेंद्रचं पुण्यानुमोदन होऊ दे, मग बसून बोलू."

"बसूनच बोलत होतात महिनाभर. काय निघालं त्यातून ते बघितलं."

त्यावर सखाराम भावजी उठले. दारात चपला घालताना माझ्याशी हळू बोलले, "मग आमालाही बोलावं लागंल. शनिवारी सकाळी तिठ्यावर तू काय सांगितलंस ते राकेशला पाठ आहे. नातीला कळलं तर तुझ्या हातचं पाणी घ्यायची नाही ती." दीक्षा मागच्या पडवीत होती. तिला ऐकू गेलं नाही. रात्री तिने मला विचारलं, "आजी, ते काय म्हणाले गो?" मी म्हटलं, "उद्या सांगते."

आता शनिवारी सकाळचं.

मी बसची पाटी अक्षराला अक्षर लावून वाचते. जोडाक्षर आलं की थांबते. बॅनरवर मी गमरे एवढं वाचलं. फोटो तर मीच दिलेला. फुलं जयंतीच्या बॅनरवरही असतात, मेणबत्त्याही असतात. एवढा मोठा फोटो आमच्या घरातल्या कोणाचा कधी लागलेला नव्हता.

बॅनर त्यांनी हॉटेलच्या बाजूला तोंड करून बांधला होता, कट्ट्यावर बसणाऱ्यांना दिसेल असा. रस्त्याकडून त्याची नुसती पांढरी पाठ दिसत होती. मी राकेशला म्हटलं, "अरे, भिंतीला दाखवायचाय काय? रस्त्याकडे फिरव. महेंद्र पावणेचारच्या बसने येईल, त्याला बसल्या जागेवरून दिसला पाहिजे."

राकेश शिडीवरून खाली आला. मग म्हणाला, "नको आजी, इकडेच बरा आहे."

मी म्हटलं, "तुला कळतं की मला? बापाला नको दिसायला?"

त्याचा मित्र दुसरीकडे तोंड करून हसला. मला वाटलं, कष्टाला कंटाळतात. राकेश परत शिडीवर चढला. वरच्या दोन गाठी सोडून त्याने बॅनर फिरवला. तो बांधत असताना खालच्या दोरीचं टोक मी धरलं होतं. बांधून झाल्यावर रस्त्यापलीकडे जाऊन मी बघितलं आणि डावीकडून वाईच वर घ्यायला सांगितलं. त्याने घेतला.

त्याने मला तो वाचून दाखवला नाही, ही माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे. फिरवायला मी सांगितलं, हेही त्याच कागदावर लिहा. साहेबांनी विचारलं की आजी, हा मजकूर ठेवायलाच हवा का, तुमच्यावर कोणी काही म्हणत नाही. मी सांगितलं, ठेवा. भावजींच्या तोंडून नातीला कळण्यापेक्षा कागदावरून कळू दे.

माझं सांगून संपलं आहे. मला नीट वाचता येत नसल्याने जबाब वाचून दाखवण्यासाठी माझ्या मागणीवरून नात दीक्षा हिला बाहेरून आत बोलावण्यात आलं. तिने तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला. वरच्या दोन गाठींपाशी ती थांबली. हवालदार पुढचं वाचायला उठले, त्यांना तिने हाताने थांबवलं व उरलेला स्वतः वाचून पुरा केला. मी सांगितलं तसाच तो आहे. मी माझा डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे. शाई पुसायला दीक्षा थांबली नाही.