दर तीस पावलांवर एक

शिवांगी : पण आबा, घडियाळी पोळमध्ये, भर गल्लीत सात खुर्च्या? मला नुसतं चालायला सांगितलंय.

जयवंतराव : दर तीस पावलांवर एक. दमलात की बसायचं. फौजेत याला मुक्काम म्हणतात.

शिवांगी : तुम्ही कधी होतात फौजेत? तुम्ही वीज बोर्डात होतात.

जयवंतराव : आजोबा होते ना, गायकवाडांच्या पलटणीत! सुनेला नाक्यापर्यंत नेता येणार नाही का मला? चपला घाला.

शिवांगी : नऊ तास झोपून उठलेय, तरी अंगात शिसं ओतल्यासारखं वाटतंय. केस गेले त्याचं एवढं नाही वाटलं. पण काल श्रद्धा शाळेला निघाली, तर लेकीची वेणी घालायला हात उचलेना. मी ह्यांना सांगितलंय, गुरुवारी पाचव्या केमोला मी जाणार नाही.

जयवंतराव : राजवर्धन बोलला मला. पाळीवरून आला तो जिन्यातच बसून होता, बूटही न काढता.

शिवांगी : मग?

जयवंतराव : मग काय! आज मंगळवार आहे. डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारलं. म्हणाल्या, हा थकवा पडून राहिलं की वाढतो. रोज थोडं चालायचं, घरच्या कुणीतरी बरोबर राहायचं. आत्ता घरचा मी आहे. चला.

शिवांगी : आबा, पहिल्या खुर्चीवर मंजुळाबेन बसल्यायत.

जयवंतराव : उठवतो. अरे, दुसरीवरही कुणीतरी... तिसरीवर... आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत का?

मंजुळाबेन : (पदर डोळ्यांना लावून) जयवंतकाका, हिंमत राखजो. सोन्यासारखी सून होती तुमची... हाय हाय! शिवांगी!

शिवांगी : नमस्कार, मंजुळाबेन.

मंजुळाबेन : तू तर जिवंत छे!

शिवांगी : आत्तापर्यंत तरी.

जयवंतराव : मंजुळाबेन, हा काय प्रकार?

मंजुळाबेन : मला विचारता? सकाळी सातला मंडपवाल्याच्या पांढऱ्या खुर्च्या, तुमच्या दारापासून थेट नाक्यापर्यंत! असं दिसलं म्हणजे बेसणुं. माणूस गेलं, भेटायला बसायचं. अख्खी पोळ न्हाऊन आली.

जयवंतराव : अहो, कोण गेलं ते विचारायचं तरी!

मंजुळाबेन : बेसण्यात असं कोण विचारतं?

शिवांगी : तुम्हाला कोण वाटलं?

मंजुळाबेन : काका. वयानं.

शिवांगी : ‘सोन्यासारखी सून’ म्हणालात.

मंजुळाबेन : माफ कर, बेटा.

शिवांगी : नाही, सांगा ना. आणखी काय काय बोललात माझ्याबद्दल?

मंजुळाबेन : रविवारी तुझ्यासाठी गरम खिचू, तांदळाची उकड घेऊन आले, तू दार उघडलं नाहीस. राग आला मला. बडबडत जिना उतरले. आता ते बोललेलं परत कसं घेऊ, म्हणून रडत होते.

शिवांगी : मी आतच होते हो. कडीपर्यंत उठून जायची ताकद नव्हती.

मंजुळाबेन : मग आतून हाक मारायची! मी दाराबाहेर बसून बोलले असते.

जयवंतराव : तीस पावलं झाली. मंजुळाबेन, उठा.

शिवांगी : नको, त्यांचे गुडघे दुखतात. मी दुसरीवर बसते.

जयवंतराव : दुसरीवर दवेकाका आहेत. बसल्या बसल्या झोप लागलीय त्यांना.

शिवांगी : तिसरी?

जयवंतराव : तिथल्या बाईंना तुम्हाला चालताना बघून घेरी आली. लोक पाणी पाजतायत.

शिवांगी : चौथी रिकामी दिसतेय.

जयवंतराव : रिकामी आहे, पण तिच्यावर हार ठेवलाय. तुमच्यासाठीच आणलेला असणार.

शिवांगी : त्याच्याशेजारी नाही बसायचं मला. पुढे चला.

जयवंतराव : सावकाश. धाप लागली का?

शिवांगी : बोलता येतंय, म्हणजे ठीक आहे. आबा, तुम्हाला हे चालणं एवढं पटलं कसं? तुम्ही तर कुणाचंच ऐकत नाही.

जयवंतराव : तुमच्या सासूबाईंना हाच आजार होता. मी त्यांना उठूच दिलं नाही. पाण्याचा पेला हातात, उशी पाठीशी. मायाच होती हो ती. सात महिने छताकडे बघत होत्या. एकदा म्हणाल्या, ‘नाक्यापर्यंत जाऊन येऊ या का?’ मी रागावलो त्यांच्यावर.

शिवांगी : आबा...

जयवंतराव : पायाखाली बघा, गटाराची फरशी हलते.

शिवांगी : गुरुवारी तुम्ही याल माझ्याबरोबर? केमोला?

जयवंतराव : येईन की.

शिवांगी : खुर्च्या न घेता.

जयवंतराव : एखादी?

शिवांगी : एकही नाही.

मंजुळाबेन : थांबा गं, मी मागे राहिले! उद्या मी पण येणार. दहा पावलं तर दहा. साडी रंगीत नेसीन.

जयवंतराव : हा आला नाका. आणि सातवी रिकामी आहे! बसा, सूनबाई. फार दमलात?

शिवांगी : दमले ना. पण आज कशानं दमले, ते तरी कळतंय.