तिसऱ्या वळणावरचे नऊ इंच

आदरणीय अध्यक्ष महाशय, संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

संग्रहालयाच्या सुताराला भाषणाला उभं करणं म्हणजे करवतीकडून गाण्याची अपेक्षा ठेवणं. पण बाई आज निवृत्त होताहेत. डिझाइन दालनाची मांडणी त्यांची, लाकूडकाम माझं, म्हणून दोन शब्द माझ्या वाट्याला आले.

कात्री, किटली, कुलूप, खुर्ची. घरात रोज हाताळतो त्या वस्तू तिकीट काढून कोण बघणार, असं मीसुद्धा म्हणालो होतो. बाई म्हणाल्या, बघतील, फक्त माणसं चालतात कशी ते आपल्याला कळलं पाहिजे. आता सांगा, चालण्यात कळायचं काय असतं? पण बाईंनी रिकाम्या दालनात खडूनं वाटा आखल्या आणि पहारेकऱ्यांपासून तिकीटवाल्यापर्यंत आम्हा सगळ्यांना त्यांवरून फिरवलं. कोण कुठं थबकतो, कोणाची मान कुठं वळते, सगळं वहीत.

दालन उघडलं आणि पंचाईत झाली. निम्मे लोक तिसऱ्या वळणावरून माघारी यायचे. सगळ्यात देखण्या वस्तू तर त्यापुढेच होत्या. साहेबांनी, रागावू नका साहेब, महिन्याची मुदत दिली. नाहीतर दालन बंद. बाई वळणाशी स्टूल टाकून बसल्या. आठवड्यानं मला विचारतात, एकटी माणसं पुढं जातात आणि जोडीनं आलेली परत फिरतात, हे कसं काय? मी म्हटलं, कोण जाणे. मग म्हणाल्या, उद्या वहिनींना घेऊन या.

आमच्या हिला कमी दिसतं, ती माझा हात धरून चालते. वळणावर आलो, तर दोघं शेजारी शेजारी मावेनात. तिनं हात सोडला, जरा चाचपडली आणि म्हणाली, "पुढं काही नसेल हो. चला घरी."

बाईंनी मापाचा टेप लावला. वाट नकाशापेक्षा नऊ इंच अरुंद. मागं माझ्या हत्यारांचं कपाट बसावं म्हणून वळणावरची लाकडी भिंत मीच पुढं सरकवली होती. बाईंनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. त्या तडक साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "नकाशात माप माझंच चुकलं."

भिंत मागं घेतली, लोक पुढं जाऊ लागले, दालन वाचलं. पण मापात चूक केल्याचा शेरा बाईंच्या फायलीत बसला आणि पुढची दोन दालनं दुसऱ्यांकडे गेली. मी सात वर्षं तोंड उघडलं नाही. त्याची मला लाज वाटते.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या नऊ इंचांची माफी मात्र मी बाईंकडे मागतो. आणि साहेब, बाई या दारातून बाहेर पडायच्या आत तो शेरा माझ्या फायलीत लावा.