बंद हापसा

—बंद हाय म्हणलं की, पोरी. हापसा तुझ्यासमोरच हाय, दांडाच न्हाई त्याला, पाणी कुठून येईल? आमी बी टँकरचीच वाट बघतो, तुमच्या बंगलेवाल्यांसारखी. बस तितं सावलीला. रिकामी बादली घेऊन उनात भाजत आलीस — घे, आदी पी. वस्तीत आलेल्या माणसाला आमी कोरडं लावून देत न्हाई, मग दुष्काळ असू दे न्हाईतर काय बी असू दे.

तुमची विहीर आटली म्हणतीस? तुमची — बरं, तुमची. तू नवी सून, तुला कोण सांगणार. इथं सहकारी सूतगिरणी होती, तिच्या कामगारांनी खांदली ती, सुट्टीच्या दिवशी येऊन. मी बी मातीच्या पाट्या वाहिल्या. मग लागोपाठ दुष्काळ पडले, कापूस पिकंना, गिरणी बसली, जागा बिल्डरला गेली. त्याचे गवंडी आले पाण्याला. शेजारचा बंकट आडवाच पडला, आमच्या मालकास्नी म्हणला, धोंडीरामदादा, देऊ नका. पण आमचे मालक म्हणले, पाण्याला आलेल्याला माघारी लावू न्हाई. झालं! आज घागर, उद्या मोटार, परवा भिंत — विहीर आत अन आमी भाईर. भांडावं कुणाशी? आपल्याच हातानं दिलती. मरस्तवर पोहऱ्याचा दोर उशाला घेऊन झोपले ते. दोर बघ, खुंटीला हाय अजून.

आता तर गल्लीला बी तुमच्या रॉयल सिटीचं नाव लागलंय. गिरणीची वस्ती म्हणलं की रिक्षावाला इचारतो, ती कुठं आली? घरमालकांनी भाडी वाढवली, अर्धी वस्ती उठून गेली. अन बाकीच्यांनी कशापायी जावं? पाणी हाय तवर —

टँकरचं. टँकरचं पाणी म्हणते मी.

काय? गोड लागतंय? माठातलं हाय ना, लागंलच. तुमच्या टँकरच्या पाण्याला वास येतो, ह्याला — तुरटी फिरवते मी. बाजंखाली काय बघतीस? जुनं लोखंड हाय ते. कशाचं म्हंजी? लोखंडाचं.

बस. उठू नको, बस म्हणते.

हां, दांडाच हाय. पहाटं लावतो, घरटी दोन घागरी भरतो, की काढून माझ्या बाजंखाली. उरलेली घरं त्याच्यावरच टिकून हायती. तुमच्यातल्या एकाला कळलं की मोटार बसंल, मोटारीला पाइप लागंल, अन पाइप कुणाच्या दारात जातो ते मला पक्कं ठावं हाय. भ्या वाटतंय मला तुजं. तू वाईट दिसत न्हाईस, माय — ते गवंडी बी वाईट नव्हते. हात जोडून आलते बिचारे, तुझ्यावानीच.

तांब्या दे इकडं.

आमचे मालक असते तर तुजी बादली भरून दिली असती, वर उचलून भिंतीपत्तोर आणून ठेवली असती. मी न्हाई देणार. तोंडाकडं नको बघू माझ्या, न्हाई देणार. कुणी इचारलं तर हापसा बंद हाय, अन तू इथं काय बी पिली न्हाईस.

बादली उचल. जा.