भागम्माच्या रक्तातलं शिसं

सन्माननीय अध्यक्ष भगवानराव, व्यासपीठावरची ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, प्रयोगशाळेतले माझे सोबती आणि अगत्यानं आलेले सर्व स्नेहीजन,

शाल मिळाली, नारळ मिळाला. पण खरं सांगू? या धम्मशीलाला आज आधी खुर्ची हवी होती. रक्तातले धातू मोजता मोजता पाठही गेली, डोळेही गेले. निवृत्तीचा आनंद झाला का, म्हणून सारे विचारतात. अजून तेवढं त्राण नाही. अध्यक्ष महोदय, एकच आठवण सांगते.

राणीसावरगावच्या भागम्मा आल्या होत्या. पोटात कळा, चेहरा पांढराफटक, उजवा पंजा मनगटातून लोंबलेला. डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. आकडा इतका चढा आला, की मला नळीचाच संशय आला. बाहेरची धूळ पडली तरी निकाल बिघडतो ना! पुन्हा रक्त घेतलं. तेवढंच शिसं.

"घरात रंगाचं, बॅटरीचं काम चालतं का?" मी विचारलं.

"न्हाई बाई, शेती करतो आमी," त्यांचे यजमान रेवणसिद्ध म्हणाले. "हिच्या गुडघ्याला बाजारातून पुडी आणली, तेवढीच. रोज मधात कालवून देतो, माझ्या हातानं."

पुडी मागवून तपासली. शिसं तिच्यातच होतं. डॉक्टर समजावत होते, रेवणसिद्ध मात्र माझ्याकडं बघत होते.

"म्हंजे मीच इष चारलं का हिला?"

भागम्माच बोलल्या, "इष म्हणून दिलं का तुमी? गप बसा."

उपचार झाले. शिसं उतरत गेलं, कळा थांबल्या. पंजा मात्र पुरता सुधारला नाही. पुढं पुडीवाला बाजारात आला, तेव्हा रेवणसिद्ध त्याच्या पालापुढं उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बायकोची हकिकत सांगत राहिले. लोक हसले, पुडीवाल्यानं ढकललं. ते हलले नाहीत. त्यानंतर त्या गावची माणसं तपासणीला येऊ लागली. काहींच्या रक्तात शिसं निघालं, पण वेळेत निघालं.

रेवणसिद्ध आता रोज सकाळी बायकोची वेणी घालतात. परवा भागम्मा फोनवर म्हणाल्या, "अजून नीट येत न्हाई त्यांना. पर मी सांगत न्हाई."

आपण केलेल्या कौतुकाची मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द मागंपुढं झाला असेल, तर थकलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. बसते आता.