खरवडलेलं लेबल

विमानतळावरच्या रांगेत झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन ती उभी होती. पुढे नवरा-बायको, त्यांची चिमुरडी आणि तिची कारसीट.

"सीट विमानात चालते असं लेबल दाखवा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "नाहीतर ती सामानात जाईल."

"इथेच होतं, पाठीवर. लाल अक्षरांत," बायको सीट चाचपत म्हणाली.

"ते होय? काल सीट घासताना मी खरवडून काढलं."

"खरवडून?"

"तूच म्हणालीस, स्वच्छ कर."

"वर्षभर म्हणतेय! नेमका काल मुहूर्त लागला? सीटमध्ये बांधून न्यायचं म्हणून हिचं वेगळं तिकीट काढलं ना? मागे विमान हादरलं तेव्हा ही मांडीवरून निसटली होती, विसरलास?"

"या वेळी घट्ट धरीन गं."

"तेव्हाही तूच धरलं होतंस."

रांगेत मागे उभ्या असलेल्या तिचा हात बाळाच्या पाठीवर आवळला गेला. तिला राहवेना.

"ताई, सीट उलटी करून बघा. आमच्या सीटला खालीही लेबल आहे."

बायकोने सीट उलटी केली. "बिस्किटांचा नुसता चुरा... थांबा, हे बघा, लाल अक्षरं! खालून नाही घासलंस?"

"खाली कोण बघतं?"

"तुझ्या अर्धवट कामाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. उचल आता ती सीट."